अर्ज मजूर

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. टोलनाका आहे, सिमेंटचा कारखाना आहे, ग्रामपंचायतीची आता नगरपरिषदही झाली आहे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र या गावाचं अधूनमधून ‘नाशराबाद’ होतं. टायपिंग करणाऱ्याचा यात काही दोष नाही. ॲप बांधणाऱ्याने चौकटीची उंची इंग्रजी अक्षराच्या डोक्याला माप लावून ठरवलेली असते. शिरोरेषेच्या वर जे काही असेल ते छाटलं जातं. ‘शि’च्या वेलांटीची कमान उडाली की मागे उरतो नुसता काना, तोही ‘श’च्या आधी. झालं नाशराबाद.

याच न्यायाने चौधरींचे ‘चाधरा’ होतात आणि पाटलांचे ‘पाटाल’. पण खरी गंमत हिरव्या पट्टीत येते. ‘अर्ज मंजूर’ असा निरोप आलेला असतो. रफार गेला, अनुस्वार गेला, आणि शेतकऱ्याने वाचलं ‘अज मजूर’. सातबारावर नाव असलेल्या माणसाला मजूर करायला पूर्वी सावकाराला काही वर्षं तरी लागायची.

खालून कापणारेही आहेत. तिथे ‘पुढे’चं ‘पढे’ होतं, म्हणजे बटण एकदम हिंदीत.

यावर ठरलेलं उत्तर असं, की मराठीच जरा उंच आहे. उंच आहे हे खरंच. गुगलच्या मटेरियल डिझाइनने आपल्या नियमांत हिंदी, तेलुगू, थाई, अरबी अशा भाषांचा वेगळा ‘उंच’ गट केला आणि यांना ओळीची उंची जास्त द्या असं लिहूनही ठेवलं. नियम होते, वाचले कोणी? उलट अँड्रॉइडमध्ये कित्येक वर्षं देवनागरीचे दोन फॉन्ट नांदले. एक पूर्ण उंचीचा, दुसरा मेनू-बटणांत मावावा म्हणून दाबून बुटका केलेला. फेटा चौकटीला अडकतो म्हणून पाहुण्याला दारातच फेटा उतरवायला सांगायचा, तसला हा पाहुणचार.

उंचीचं झालं, आता लांबी. मजकूर मावला नाही की ॲप शेवटी तीन टिंबं टाकून मोकळं होतं. इंग्रजीत ते चालून जातं. आपल्याकडे सगळी मेख शेपटात असते! नशिराबादच्या शेजारी भादली आहे. जळगाव तालुक्यात भादली बुद्रुक आहे आणि भादली खुर्दही आहे. गावांच्या यादीत दोन्ही ‘भादली…’. आता निवडा, आणि चुकीच्या भादलीत तुमची केळी उभी राहिली तर तलाठ्याला समजावत बसा. माणसांची यादी आडनावापासून सुरू होते. त्यामुळे ‘चौधरी…’, ‘चौधरी…’, ‘चौधरी…’ असं अर्धं गाव एकाखाली एक उभं असतं आणि माणूस जिथे सुरू होतो नेमकी तिथे टिंबं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला असोद्याच्या लेकीचं नाव मिळालं : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. पडद्यावर उरतं ‘कवयित्री ब…’. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ज्यांना येतं त्यांनी निदान नाव तरी पुरं दाखवावं.

अक्षरं मोजण्याची तऱ्हा आणखी न्यारी. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा आणि हलन्त वेगळे धरून दहा. नावाच्या रकान्याला दहाची मर्यादा घातली, की ज्ञानेश्वर कसाबसा आत येतो आणि ‘राव’ बाहेर राहतो.

आयबीएमचा सल्ला तर जुनाच आहे : दहा अक्षरांपर्यंतचा इंग्रजी मजकूर दुसऱ्या भाषेत नेताना दुप्पट-तिप्पट जागा धरून चाला. जर्मन शब्द लांब आहेत म्हणून जर्मनांना कोणी शब्द छोटे करायला सांगत नाही. आपल्याकडे ऑनलाइन सेंटरवरचा पोरगा सांगतो, “आबा, अक्षरं बारीक करा, मग बटण दिसेल.” आबांनी अक्षरं मोठी केली ती चाळिशी ओलांडून तीस वर्षं झाली म्हणून. अँड्रॉइड १४ ने २०२३ मध्ये अक्षरं दुप्पट मोठी करायची सोय दिली, पण ॲपने ती गृहीतच धरली नाही. अक्षर मोठं केलं तर बटण पडद्याबाहेर, बारीक केलं तर बटण आहे पण त्यावर काय लिहिलंय ते देव जाणे. असल्या बटणावर आबा अंगठा ठेवतात. पूर्वी कागदावर न वाचता ठेवायचे, आता काचेवर ठेवतात. याला म्हणायचं डिजिटल.

दुरुस्ती म्हणाल तर एका दुपारची. चौकटीला उंचीचा आकडा बांधू नका, मजकुराबरोबर तिला वाढू द्या. दुसरी ओळ येत असेल तर येऊ द्या. ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ टिंबांखाली गाडू नका. मथळा देखणा दिसावा म्हणून अक्षरांत अंतर पाडू नका, शिरोरेषेचे तुकडे होतात. मजकूर मुद्दाम ताणून दाखवणारी चाचणीची भाषा अँड्रॉइडमध्ये तयारच आहे, ती एकदा लावून बघा. ते जमत नसेल तर एक स्वस्तातला फोन घ्या, अक्षरं सगळ्यात मोठी करा आणि अख्खं विद्यापीठ त्यात बसवून दाखवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. चौकट तीच राहिली, तर पडद्यावर तो ‘आभजात’ दिसेल.

आणि मंडळी, तुम्ही पुढच्या वेळी अक्षरं बारीक करू नका. कापलेल्या नावाचा स्क्रीनशॉट काढा, ॲपला एकच तारा द्या आणि तक्रार मराठीत लिहा, चांगली लांबलचक.