गुण जुळले का?

डोलवीत पोलाद ओतणाऱ्या जेएसडब्ल्यूचाच बंगळुरू एफसी हा फुटबॉल संघ. सुनील छेत्रीही त्यातलाच. म्हणून संघ भट्टीत, घामाने तयार होतो असा डोलवीकरांचा भाबडा समज. पण जून 2022 मध्ये फुटबॉलच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारतीय संघाची अफगाणिस्तानशी गाठ होती, तेव्हा प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी म्हणे खेळाडूंची यादी आधी ज्योतिषाकडे धाडली. पुढच्या वर्षी ‘इंडियन एक्सप्रेस’ने ते छापलं. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, सगळं ग्रह बघून! सामना आपण 2-1 जिंकलो. तिन्ही गोल शेवटी शेवटी. तोवर ग्रह बहुधा चहाला गेले असावेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावात सिंगापूरने 2-1 हरवलं, आशिया चषकाचं तिकीट हुकलं. राहू तेव्हा कुठल्या घरात होता, हे फुटबॉल महासंघाने अजून कळवलेलं नाही.