पाणी लागलं का?

रस्त्याकडेला दगड निवडत बसलेला शहरी माणूस दिसला, की आपल्याकडे लोक दोनच तर्क करतात. एक तर हा सरकारी मोजणीवाला असणार, नाहीतर पाणाड्या. त्यामुळे नव्या विहिरीच्या काठावरचा ढीग मी उपसायला लागलो, की शेतकरी हटकून जवळ येतो. "काय सायेब, पाणी कुठं लागंल?"

"पाणी नाही हो मामा, गारगोट्या बघतोय."

यावर तो जे बघतो त्यात राग नसतो, निव्वळ दया असते. ज्या काळ्या पाषाणापायी त्याच्यावर कर्ज झालं, तोच पाषाण न्यायला हा बाबा पदरचं पेट्रोल जाळून आलाय!

हा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं विरघळलेली सिलिका आणून पोकळीच्या भिंतींवर स्फटिकांचे थर चढवले. म्हणजे इथं पाणी लागलं होतं, मामांना यायला जरा उशीर झाला. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हाही अशीच घबाडं निघाली आणि गोऱ्या साहेबांनी त्यांतले उत्तम नमुने युरोपातल्या संग्रहालयांत पोचवले. आपल्याला पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठावं.

खरी मजा घरी येते. आमच्या घरचे निवृत्त टूथब्रश माझ्याकडे जमा होतात. नळाखाली धरून घासत गेलं की लाल माती वाहून जाते आणि सहा पैलूंचं टोक डोकं वर काढतं. पैलूवरून नख फिरवलं तर बारीक आडव्या रेघा लागतात. नशीब जोरावर असेल तर बुडाशी पांढरट असलेला खडा टोकाकडे जांभळा होत जातो. हाच अ‍ॅमेथिस्ट. नीलम परवडत नसेल तर ज्योतिषी हाच घालायला सांगतात. शनीलाही मध्यमवर्गाची कल्पना असावी.

हा जांभळा रंग येतो स्फटिकातल्या किंचित लोहामुळे आणि आजूबाजूच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे. खडा स्वतः निरुपद्रवी असतो. तरी हे वाक्य घरात मोठ्यानं वाचू नये. 'किरणोत्सर्ग' ऐकल्याबरोबर सगळ्या संग्रहाची रवानगी गॅलरीत होते. तिथं ऊन असतं आणि सततच्या उन्हानं हा जांभळा रंग विटतो.

तेव्हा नव्यानं या नादाला लागणाऱ्यांनी आधी घरातलं एक बंद कपाट पदरात पाडून घ्यावं. खडीच्या खाणीत मालकाला विचारल्याशिवाय उतरू नये आणि सुरुंग लावायचे असतील त्या दिवशी तर तिकडे फिरकूसुद्धा नये.