पेटीची किल्ली

नॅकच्या तपासणीचे दिवस जवळ आले की आमच्या वडूजकडच्या कॉलेजांत तक्रारपेटी उघडते. मधोमध प्राचार्य, दोन्ही अंगांना समिती, हसरा जिओटॅग फोटो. इतिवृत्तात नोंद: प्राध्यापकांच्या तक्रारी, निरंक.

निरंकच असणार! पेटीला कुलूप. त्याची किल्ली हेडक्लार्कच्या खणात, खणाची किल्ली प्राचार्यांकडे आणि प्राचार्य संस्थेच्या सेक्रेटरींच्या खिशात. पेटी टांगलीय प्राचार्यांच्या केबिनसमोर, वर सीसीटीव्ही. तो पेटीच्या सुरक्षेसाठी, बरं का. रिकामी पेटी कुणी चोरून नेली तर? आणि समजा, एखाद्या सरांनी अंधारात गाठलीच, तर अक्षराचं काय करायचं? रजेचे अर्ज लिहून लिहून प्रत्येकाचं अक्षर ऑफिसला पाठ. टाइप करावं, तर कॉलेजचा प्रिंटर ऑफिसातच. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे जावं, तर तो सेक्रेटरींचा मेव्हणा.

विद्यार्थ्यांचं बरंय. 2023 च्या नियमांनी त्यांना लोकपाल दिला: माजी कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश. निकालाला मुदत 30 दिवस. सरांना काय? तर 2016 च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम 79, म्हणजे तक्रार निवारण समिती. ती विद्यापीठात, परजिल्ह्यात. सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, सरांनी तिकडं जायला कऱ्हाडची एसटी धरली की त्या दिवसाचे तास बुडाले, तासांबरोबर पैसेही. त्यांची नेमणूक वर्षाची, तीही पुरत्या वर्षाची नव्हे. तक्रार सुनावणीला येईतो सर माजी झालेले असतात, आणि पुढच्या जूनमध्ये मुलाखत घ्यायला तेच सेक्रेटरी बसलेले असतात.

9 सप्टेंबर 1942 ला याच वडूजच्या कचेरीवर इंग्रज सरकारविरुद्ध मोर्चा गेला, माणसांनी गोळ्या झेलल्या. हुतात्मादिनाला त्यावर घसा कोरडा होईतो बोलणारे सर थकलेल्या मानधनाची चिठ्ठी पेटीत टाकायला भितात. दोष त्यांचा नाही. तेव्हाचं सरकार निदान समोर उभं होतं. इथं ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, तोच कॉलेजच्या समितीचा अध्यक्ष! जनगणनेला पाठवा, ॲडमिशनसाठी वाड्यावस्त्या फिरवा, वर ‘काही अडचण असेल तर पेटी आहे की’ म्हणा. लाज वाटत नाही?

प्राध्यापकांचा लोकपाल नेमायचाच असेल, तर संस्थेचा माणूस नको, निवृत्त प्राचार्य तर मुळीच नको. आणि तो येईल तेव्हा येईल; तोवर सीएचबीवाल्यांचं थकलेलं मानधन तेवढं खात्यावर टाका.