चाळीतून पाचव्या पायरीकडे: नवशिक्या प्रोजेक्ट मॅनेजरांसाठी

अभिनंदन. तुम्हाला प्रोजेक्ट मॅनेजर करण्यात आलं आहे. कामाचं ठिकाण नाशिक जिल्ह्यातलं देवळा: घराची माडी, एक टेबल, एक इन्व्हर्टर आणि खिडकीतून दिसणारी कांदा साठवायची चाळ. कंपनी पुण्यात, ग्राहक अमेरिकेत, शेती बघणारे आप्पा ओट्यावर. काम कधी संपेल याचा अंदाज या सगळ्यांत फक्त आप्पांना जमतो, आणि त्यांचं नाव पगारपत्रकावर नाही.

सुरुवात आराखड्याने करा. संगणकावर आडव्या पट्ट्या काढा, त्यांना रंग द्या, छापून भिंतीला डकवा. तारीख तुम्हाला कोणीतरी आधीच कळवलेली असेल, तेव्हा शेवटच्या पट्टीपासून उलटं मोजत या. नेमकं काय बनवायचं आहे हे विचारायच्या भानगडीत पडू नका, उगाच पट्ट्या हलतात. दर सोमवारी सगळं हिरवं दाखवा. बहुतेक नवशिके इथेच थांबतात आणि त्यांना बढतीही मिळते.

तरीही पुढे वाचायचंच असेल, तर पुस्तकी भाग आधी उरकून टाकू. अमेरिकी संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर वेळेवर मिळत नव्हतं, आणि ठेकेदार पारखावा कसा हेही कळत नव्हतं. त्या खात्याच्या पैशावर 1984 मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. आयबीएममध्ये उमर घालवलेले वॉट्स हम्फ्री 1986 मध्ये तिथे आले, आणि 1991 मध्ये कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, म्हणजे सीएमएम, बाहेर पडलं. पुढे त्याचं सीएमएमआय झालं, पण कंपनी मोजायच्या पायऱ्या पाचच राहिल्या. पहिलीवर काहीच करावं लागत नाही, कंपनी जन्माला आली की तिथे असतेच. सगळा खेळ दुसरीवर आहे. तिथे सात कामं सांगितली होती: मागण्या लिहून घेणं, आखणी, देखरेख, पुरवठादाराशी करार, मोजमाप, गुणवत्तेची तपासणी आणि कॉन्फिगरेशन, म्हणजे कुठली प्रत खरी हे ठाऊक असणं.

आता ही यादी पुन्हा वाचा. ज्यासाठी तुम्हाला खुर्ची दिली ती आखणी आणि देखरेख, सातातली दोन. बाकी पाच दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर आहेत, किंवा कोणाच्याच नाहीत. ती लंगडी असतील तर तुमचा भिंतीवरचा आराखडा म्हणजे कालनिर्णयच्या शेजारी लावलेलं आणखी एक कॅलेंडर. उलट मॅनेजरच धड नसेल तर तिसरी, चौथी पायरी चढायला पायच मिळत नाही. तिसरीवर सगळ्या कंपनीची रीत एक व्हायला हवी आणि धोके आधी मोजायला हवेत. चौथीवर प्रकल्प आकड्यांनी चालवायचा असतो, आणि ते आकडे दुसरीवर असताना लिहून ठेवलेले असावे लागतात. नसतील तर कंपन्या ते तपासणीच्या आदल्या आठवड्यात तयार करतात. त्या कलेसाठी वेगळी मार्गदर्शिका लागेल.

हे जड वाटत असेल तर माडीवरून खाली उतरा आणि आप्पांची वही मागा. उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी, कधी टाकलं, लागण कोणत्या आठवड्यात झाली, एप्रिलात किती ट्रॉल्या चाळीत गेल्या, दिवाळीपर्यंत किती क्विंटल विकला, घट किती आली, सगळं त्यात आहे. चाळीतली घट तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे ही वही हौसेची नाही. कोणत्या कप्प्यात कोणत्या वावरातला माल आहे हे त्यांना अंधारात हात लावून सांगता येतं. तुमच्या भाषेत ते कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट. एके वर्षी एक कप्पा आधी सडला. आप्पांनी वही मागे चाळली, तर त्या वावराला युरिया उशिरा आणि जास्त पडला होता. पुढच्या साली तो बंद. दोषाचं मूळ शोधून रीतच बदलणं ही पाचवी पायरी आहे. आप्पांना सांगू नका, दर वाढवतील.

ब्रिटिश सरकारने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयटिल नावाचं, आयटी सेवा कशा सांभाळाव्यात याचं एक बाड काढलं, त्यातला एक फरक चाळीत उभं राहूनच कळतो. सडका कांदा निवडून बाहेर फेकणं म्हणजे इन्सिडेंट. पत्रा कुठे गळतोय ते शोधणं म्हणजे प्रॉब्लेम. आपल्या क्षेत्रातली निम्मी माणसं आयुष्यभर कांदे निवडतात आणि 'टीमने रात्रभर मेहनत घेतली' म्हणून मेलवर टाळ्या मिळवतात.

मीही मिळवल्या आहेत. आमच्याच भागातल्या एका व्यापाऱ्यासाठी, शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबपट्टीचं छोटं सॉफ्टवेअर केलं होतं. आराखडा झकास, तारीख पाळली. पण त्याच्या तीन प्रती फिरत होत्या: 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरं'. एके सकाळी हमालीचा दर बदलल्याचा फोन आला. मी चालू लिलावात एका संगणकावर तो बदलला, दुसऱ्यावर जुनीच प्रत होती. कुठे नोंद नाही, कोणाला निरोप नाही. दोन शेतकऱ्यांनी पाच कंदील चौकात चहा पिताना हिशोबपट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. माल सारखा, भाव सारखा, कपात वेगळी. पुढचं सांगत नाही. त्या दिवशी माझ्या आराखड्यातल्या सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. चूक आखणीत नव्हतीच, शेजारच्या दोन रिकाम्या टेबलांवर होती: बदल कोण मंजूर करतो आणि खरी प्रत कोणती.

याहून मोठं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरकडे बघा. 1998 मध्ये वारणानगरला सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने सत्तरेक गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प निघाला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळं गावातल्या केंद्रात मिळणार होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी पाहिलं तेव्हा ती यंत्रं मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशोब यांसाठीच वापरली जात होती. तेवढ्यापुरते संगणक काढून मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले, तर काम भागलं. माझं मत असं की कारखान्याच्या वजनाची आणि पैशांची रीत संगणकाच्या आधीच पक्की होती, म्हणून तेवढंच टिकलं. बाकीच्या सेवांना मागे उभी रीतच नव्हती, मॅनेजर कितीही चांगला असो.

तेव्हा नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात आराखडा काढू नका. तीन प्रश्न विचारत फिरा: मागणी कोण लिहून देतं, बदल कोण मंजूर करतं, खरी प्रत कुठे आहे. तिन्हींना 'तुम्हीच बघा ना' असं उत्तर मिळालं तर तुम्ही पहिल्या पायरीवर आहात, कंपनीच्या भिंतीवर कितव्या पायरीचं प्रमाणपत्र लटकतंय ते सोडा. मग ग्राहकाला दिलेल्या तारखेत चाळीसारखी घट धरा. आप्पा धरतात.

आणि चालू लिलावात दर बदलू नका. मोठा बदल अमावास्येला करा, त्या दिवशी लिलाव बंद ठेवायची आपल्या जिल्ह्यात जुनी रीत आहे. पण लासलगावच्या बाजार समितीने ती अलीकडे मोडली, म्हणून आधी आपल्या बाजार समितीला फोन लावा.