नडगीचा गोल

गोल शरीराच्या कोणत्या भागानं झाला याची नोंद गुणफलकावर होत नाही, हा फुटबॉलचा मोठेपणा आहे. 27 मे 1996 रोजी वेम्बलीवर 73 हजारांहून जास्त माणसांदेखत स्टीव्ह क्लॅरिज नावाच्या, नुकतीच तिशी गाठलेल्या स्ट्रायकरनं जो गोल केला तो नडगीनं केला होता. म्हणजे मारायचा होता पायानंच; पण चेंडू नडगीवर आदळला आणि पायानं जिथं गेला असता त्याहून चांगल्या ठिकाणी गेला. वरच्या कोपऱ्यात. क्रिस्टल पॅलेसचा गोलकीपर नायजेल मार्टिन जागचा हललासुद्धा नाही.

सामना प्ले-ऑफचा होता. जिंकेल त्याला प्रीमियर लीग, हरेल त्याला पुन्हा खालच्या डिव्हिजनचे 46 सामने. पॅलेसनं आधी गोल केला, लेस्टर सिटीच्या गॅरी पार्करनं पेनल्टीवर बरोबरी साधली, जादा वेळही संपत आला. लेस्टरचे मॅनेजर मार्टिन ओनील पेनल्टी शूट-आउटच्या तयारीला लागले. त्यांनी आपला गोलकीपर बाहेर बोलावला आणि साडेसहा फुटांहून उंच असा झेल्को कलाच मैदानात पाठवला. एवढा उंच माणूस समोर उभा राहिला की मारणाऱ्याचे पाय लटपटतील, हा हिशेब. हिशेब उत्तम होता. पण कलाच जागेवर पोचतो न पोचतो तोच पलीकडे फ्री-किक मिळाली, चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून क्लॅरिजपुढे पडला, आणि 120व्या मिनिटाला नडगीनं निकाल लावून टाकला. शूट-आउट झालंच नाही. मला त्या दिवशीच्या माणसांत सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते कलाचबद्दल. एवढं सगळं त्याच्यासाठी ठरलं होतं!

आणि हरलेला संघ कोणता, तर क्रिस्टल पॅलेस. 1988मध्ये पॅलेसनं याच क्लॅरिजला घेतलं होतं, काही आठवडे ठेवलं होतं आणि एकही सामना न देता पुढे पाठवून दिलं होतं. सूड वगैरे म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. क्लॅरिजसारख्या खेळाडूची पंचाईत अशी की इंग्लंडातल्या कुठल्याही संघाविरुद्ध गोल केला, तरी तो बहुधा जुन्या मालकाच्याच घरात पडतो.

इंग्लिश फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे रात्री जागून पाहिली जाणारी वीस नावं डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याखाली आणखी तीन डिव्हिजन आहेत, चारींचे मिळून 92 क्लब होतात. त्यांच्याखाली पुन्हा नॉन-लीगचे थरावर थर. या खालच्या जगात स्ट्रायकर नावाची एक भटकी जमात राहते. करार वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा. मे महिन्यात क्लब यादी काढतो: कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं. सोडलेला माणूस जून-जुलै फोनपाशी बसून काढतो आणि ऑगस्टमध्ये कुठल्या तरी गावात ट्रायलला उभा राहतो. बचाव खेळणाऱ्याच्या चुका चार जणांत वाटल्या जातात. स्ट्रायकरच्या नावापुढे मात्र नुसता आकडा असतो. आकडा लहान असला की बिऱ्हाड पाठीवर.

क्लॅरिजचं बिऱ्हाड फिरलं ते असं. जन्म 1966चा, पोर्ट्समथचा. खेळाची सुरुवात शेजारच्या फेअरहॅम टाउनमध्ये. मग बोर्नमथनं घेतलं, थोडं खेळवलं, सोडलं. मग समुद्रकाठचं वेमथ. मग पॅलेसचा तो न खेळलेला मुक्काम. मग ऑल्डरशॉट, जो क्लब तो गेल्यावर दोन वर्षांत कर्जापायी मोसमाच्या मध्यातच बंद पडला. आणि 1990मध्ये केंब्रिज युनायटेड. इथं मात्र जरा थांबायला हवं, कारण केंब्रिजमध्ये जॉन बेक होते.

विद्यापीठाच्या त्या गावात, जिथं न्यूटननं विचार केला, तिथं बेक यांनी फुटबॉलमधून विचार हद्दपार करायचं ठरवलं होतं. त्यांचा सिद्धान्त साधा होता: चेंडू आपल्या अर्ध्यात ठेवू नये, लांब मारावा, कोपऱ्यात मारावा, तिथून गोलपुढे टाकावा. लांब मारलेला चेंडू रेषेबाहेर जाऊ नये म्हणून मैदानाच्या चारी कोपऱ्यांत गवत वाढवून ठेवलेलं असे. मैदानात उतरण्याआधी खेळाडूंच्या अंगावर थंडगार पाण्याच्या बादल्या ओतल्या जात; इंग्लंडच्या जानेवारीत त्याचा काय परिणाम होत असेल ते ज्यानं त्यानं कल्पावं. पाहुण्या संघाची ड्रेसिंग रूम भट्टीसारखी तापवून ठेवत, त्यांच्या चहात साखर जास्त घालत, अशाही कथा आहेत. त्यांतल्या किती खऱ्या हे सोडून देऊ. कारण हे सगळं करून केंब्रिज जिंकत होतं, ही गोष्ट नक्की खरी आहे. 1990मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून वर, 1991मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, दोन्ही वर्षी एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत धडक, आणि 1992मध्ये सर्वोच्च डिव्हिजनच्या उंबरठ्यावर. प्ले-ऑफमध्ये लेस्टरनं 5-0 असा मार देऊन त्यांना उंबरठ्यावरूनच परत पाठवलं.

अशा कारखान्यात क्लॅरिज नेमका चुकीचा सुटा भाग होता. त्याला चेंडू पायाशी हवा असे. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, शर्ट बाहेर, केस विस्कटलेले, असा तो चेंडू घेऊन वळायचा आणि बचावपटूला खुणावत सरळ त्याच्याच अंगावर जायचा. कोपऱ्यातल्या त्या लाडानं वाढवलेल्या गवताकडे त्याचं लक्षच नसायचं. बेक यांनी त्याला सामन्यांतून काढलं, पुन्हा घेतलं, दोघांचं वाजलं, प्रकरण एकदा ड्रेसिंग रूममध्ये हातघाईवर गेलं, आणि शेवटी 1992च्या उन्हाळ्यात त्याची रवानगी ल्यूटनला झाली. मग ऑक्टोबरमध्ये बेक यांनाच काढलं गेलं आणि मागोमाग क्लॅरिज केंब्रिजला परत. माझ्या मते हे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. बेक यांना निकाल हवा होता, क्लॅरिजला चेंडू.

पुढे बर्मिंगहॅम. तिथले मॅनेजर बॅरी फ्राय हा आणखी एक नमुना. मैदानाला शाप आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून यांनी उतारा केला, तो चारी कोपऱ्यांत लघवी करून. (कोपऱ्यांचं आणि क्लॅरिजच्या मॅनेजरांचं काय नातं होतं देव जाणे.) फ्राय खेळाडू इतक्या वेगानं घेत आणि विकत की एका मोसमात चाळीसच्या वर माणसं त्यांच्या संघातून खेळून गेली. त्या गर्दीतही 1994-95मध्ये सर्वाधिक गोल क्लॅरिजचे होते, आणि बर्मिंगहॅमनं डिव्हिजन जिंकली. मार्च 1996मध्ये लेस्टरनं त्याच्यासाठी 12 लाख पौंड मोजले. इतकी वर्षं खालच्या डिव्हिजनांत चिखल तुडवलेल्या माणसाला ही किंमत. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात ती नडगी.

आता एक तारीख शेजारी ठेवून बघा. क्लॅरिजच्या गोलच्या पाचच दिवस आधी, 22 मे रोजी, रोममध्ये युव्हेंटसच्या फाब्रिझिओ रावानेल्लीनं आयॅक्सविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोल केला होता. पांढऱ्या केसांचा, देखणा, गोल केला की शर्ट डोक्यावर ओढून धावणारा. त्याच उन्हाळ्यात मिडल्सब्रोनं त्याला इंग्लंडात आणलं, आणि 1997च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. वेम्बलीवर रावानेल्लीनं जादा वेळेत गोल केला, शेवटच्या मिनिटांत लेस्टरच्या एमिल हेस्कीनं बरोबरी साधली. सामना शेफील्डच्या हिल्सबरोवर पुन्हा खेळला गेला. पुन्हा जादा वेळ, आणि एकच गोल. मारणारा क्लॅरिज. युरोप जिंकून आलेला माणूस रिकाम्या हातानं बसला आणि ऑल्डरशॉट, वेमथ करत आलेला माणूस कप घेऊन गेला. या वेळी पाय नीट लागला होता, हे क्लॅरिजच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात जुगाराबद्दल त्यानं उघड लिहिलं आहे. भटक्या खेळाडूच्या दिवसात दुपारी बारानंतर काही काम नसतं, खिशात आठवड्याचा पगार असतो, आणि इंग्लंडात प्रत्येक गल्लीत सट्ट्याचं अधिकृत दुकान असतं. या भागावर विनोद करायला मला जमत नाही.

गोष्टी इथं संपायला हव्या होत्या. चांगल्या कथाकारानं संपवल्याच असत्या. पण क्लॅरिज एकतिशीचा होता आणि त्याला खेळायचं होतं. 1998मध्ये आधी पोर्ट्समथला लोनवर, म्हणजे जन्मगावच्या क्लबचा शर्ट अंगावर आला तो इतका सारा देश पालथा घातल्यावर. मग वुल्व्हज, जिथं त्याच्या हातून एकही लीग गोल झाला नाही. मग पुन्हा पोर्ट्समथ. 2000मध्ये तिथं खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही खुर्च्या एकदम मिळाल्या. चारेक महिन्यांत मॅनेजरची खुर्ची काढून घेतली, खेळाडूची राहू दिली. पुढे मिलवॉलकडून तो चांगला खेळला, इतका की 2005मध्ये मिलवॉलनं त्याला मॅनेजर नेमलं. ही नेमणूक 36 दिवस टिकली. एकही अधिकृत सामना होण्याआधी त्याला काढण्यात आलं. मिलवॉलचा मॅनेजर म्हणून तो एकही सामना हरलेला नाही.

2004च्या अखेरीपासून दोनेक वर्षांत ब्रायटन, ब्रेंटफर्ड, विकम, जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल असे सहा क्लब झाले. कुठं चार महिने, कुठं एखादाच सामना. वय चाळीस. टीव्हीवर आणि रेडिओवर समालोचक म्हणून नाव झालं होतं, घरी बसूनही चाललं असतं. पण कुणीतरी हिशेब केला आणि लक्षात आलं की सगळे धरून व्यावसायिक सामने झाले आहेत 999.

आपल्याकडे नाटकाचा हजारावा प्रयोग असला की रंगमंचाला झेंडूची तोरणं लागतात, नारळ फुटतो, एखादा मंत्री पुढच्या रांगेत घड्याळ बघत बसतो. आणि 999व्या प्रयोगावर कुणी नट घरी बसल्याचं ऐकिवात नाही. डिसेंबर 2006मध्ये बोर्नमथनं त्याला बोलावलं, ज्या क्लबनं वीस वर्षांपूर्वी त्याला लीगमध्ये आणलं आणि सोडूनही दिलं, त्याच बोर्नमथनं. करार असा काही नव्हताच. 8 तारखेला सही झाली, 9 तारखेला पोर्ट व्हेलविरुद्ध सामना.

मला अशा ठिकाणी इतिहासाची खोडी आवडते. हजाराव्या सामन्यात गोल झाला असता, तोही विजयी, तोही नडगीनं, तर आपण सगळे कसे गहिवरलो असतो! तसं काही झालं नाही. बोर्नमथ घरच्या मैदानावर 4-0 असं हरलं. क्लॅरिजचा तो त्या खेपेचा पहिला आणि शेवटचा सामना. ज्यांना खालच्या डिव्हिजनचं फुटबॉल समजून घ्यायचं आहे त्यांनी वेम्बलीचा गोल जरूर पाहावा, पण अभ्यासाला हा सामना घ्यावा. डिसेंबरचा शनिवार, चाळीस वर्षांचा स्ट्रायकर, चार गोलनी हार, आणि त्या माणसाला तिथं असण्याचा झालेला आनंद.

लीगमधला तो त्याचा शेवटचा सामना ठरला. सगळ्यांतला शेवटचा मात्र नव्हे. त्यानंतर तो वर्थिंगकडून खेळला, हॅरो बरोकडून खेळला, पुन्हा वेमथकडून खेळला आणि पंचेचाळिशीला गॉस्पोर्ट बरोकडून खेळला.