निळ्या उजेडातला सीक्यू

रेडिओ ही ऐकायची वस्तू आहे, हे सदाशिव पेठेतल्या एका हॅमकाकांना (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले) तीस वर्षं ठाऊक होतं. तरी सेटच्या डायलमधला गव्हाच्या दाण्याएवढा पिवळा बल्ब गेला आणि काका बहकले. बल्बच्या जागी बल्ब बसवणं ही झाली दुरुस्ती. त्यांना हवी होती रोषणाई, तीही निळी.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पाकिटाच्या पाठीवर हिशेब झाला. सेटला १३.८ व्होल्ट, त्यातले ३.२ एलईडी खाणार, उरले १०.६, प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे रेझिस्टन्स ५३० ओहम. "पाचशेतीस येत नाही, काका. पाचशेसाठ घ्या, पाव वॅट."

घरी येऊन एलईडी उलटा जोडला. लांब पाय प्लसला, हे ते नव्या पोरांना शिकवत.

सुलटा केल्यावर मात्र खोली उजळली. निळा एलईडी जमवला म्हणून आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकीचं नोबेल मिळालं. ते आज कारणी लागलं, असं काकांना वाटलं. काकूंना सेट डास मारायच्या मशीनसारखा वाटला.

आणि मीटरचा काटा दिसेना, इतकी तिरीप! म्हणून स्वस्तातला डिमर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ मेगाहर्ट्‌झवर कान लावला, तर शेजारी कुणी पापड तळत बसल्यासारखी चरचर. वरच्यांचा इन्व्हर्टर, सोसायटीची लिफ्ट, तळमजल्यावरचा मिक्सर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी काकूंनी डिमरचं बटण बंद केलं आणि पापड तळायचे थांबले. असा डिमर उजेड मंद करतच नाही. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळा फसतो, अँटेना फसत नाही. त्या प्रत्येक उघडझापीचा खरखराट पार शॉर्टवेव्हपर्यंत पोचतो.

डिमर माळ्यावर गेला. ५६० च्या जागी १० हजार ओहम बसले, प्रवाह जेमतेम १ मिलिअँपिअरवर आला. डायल आता चांदण्यासारखा दिसू लागला, काटाही दिसू लागला. रात्री दिवे मालवून काकांनी सीक्यू दिला, म्हणजे 'कुणी ऐकतंय का?' अशी हाक. लांबच्या एका जुन्या मित्राचं उत्तर आलं, तेव्हा आधी रोषणाईची बातमी सांगितली.

"ती काय इकडं दिसत नाही," मित्र म्हणाला, "पण आवाज फाइव्ह नाइन, एकदम खणखणीत."

काकांनी लॉगबुक ओढलं आणि त्या निळ्या उजेडात निळ्या बॉलपेननं नोंद केली. पान कोरंच दिसत होतं.

"अगं, जरा टॉर्च आण!"