समाजमंदिराची किल्ली

नांदेडला २००८च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानं गोदाकाठच्या घाटांना रूप आलं. संध्याकाळी तिथं पोहणारी पोरं असतात, गप्पा झोडणारे पेन्शनर असतात. घाटाला दार नाही, त्यामुळं किल्लीची भानगड नाही.

समाजमंदिराचं तसं नसतं. त्याला आमदार निधी लागतो, भिंतीवर खोलीपेक्षा मोठं नाव लागतं आणि कुलूप तर लागतंच. किल्ली माजी सरपंचांकडे. ते लातूरला लग्नाला गेलेत! तोवर आत कॅरम बोर्डावर सोयाबीनची पोती, अन् पत्त्यांचा डाव बाहेर पायरीवर.

लातूरकरांनी तर २०१६च्या दुष्काळात टँकरच्या रांगेतच मंडळ थाटलं. पाणी मिरजेहून रेल्वेनं यायचं. घागरी रांगेत, माणसं गप्पांत, वर्गणी माफ. कार्यक्रमाची वेळ तेवढी टँकरवाला ठरवायचा.